मी राजकारणात कुठं उभी आहे? ठिपक्याची चाचणी, जाहीरनामा, शपथपत्र, गट की गल्लीतला प्रश्न

परवा भाचीनं मोबाइल माझ्यापुढं धरला. “आत्ती, मी डावी निघालो बघ!” एका इंग्रजी संकेतस्थळावरचे ६२ प्रश्न सोडवून ती आली होती. पडद्यावर चार रंगांचा चौकोन आणि त्यात डावीकडं खाली एक लाल ठिपका. घटकाभर खूश होती. मग तिनंच विचारलं, “पण आता मत कुणाला द्यायचं? आणि सरकारवर विश्वासच बसत नसंल तर ह्या ठिपक्याचं काय करू?”

तिनं एका दमात दोन प्रश्न विचारले होते. पहिला तिच्या विचारांचा आणि दुसरा समोरच्याच्या वागण्याचा. उसाचा दर सरकारनंच ठरवावा असं मनापासून मानणाऱ्या माणसाचा आजच्या सरकारवर काडीचा भरवसा नसू शकतो. उलट सरकारनं कशात लुडबुड करू नये म्हणणारा माणूस पुराच्या दिवसांत सरकारी आकड्यावरच घर सोडायचं की नाही ते ठरवतो. म्हणून खालची साधनं तपासताना मी प्रत्येकाला हे दोन्ही प्रश्न विचारले आहेत. पहिल्यांदा मत देणारी मुलं डोळ्यांपुढं ठेवून लिहिते आहे. गेल्या काही निवडणुकांत ही सगळी साधनं मी स्वतः वापरली आहेत.

ठिपक्याची चाचणी

डावे-उजवे ही भाषा फ्रान्सची. १७८९ च्या क्रांतीत तिथल्या सभागृहात राजाचे समर्थक अध्यक्षांच्या उजवीकडं आणि विरोधक डावीकडं बसले, तिथून ती आली. ‘पॉलिटिकल कंपास’ या चाचणीनं २००१ च्या सुमारास त्यात दुसरी रेघ आणली. आडव्या रेघेवर अर्थकारण आणि उभीवर सत्तेची कडक शिस्त की व्यक्तीचं स्वातंत्र्य. दहा-पंधरा मिनिटांत उत्तर मिळतं. तिचा खरा फायदा म्हणजे कुणा पुढाऱ्याचा चेहरा समोर नसताना आपण एखाद्या गोष्टीवर विचार करतो. घरात सगळे एकाच चिन्हावर शिक्का मारत आले असतील, तर तेवढा मोकळेपणासुद्धा मोठा असतो.

पण प्रश्न बघा. ज्योतिष, अमूर्त चित्रकला, गांजा, जमीन ही विकायची वस्तू असावी का. आता आमच्या कोल्हापूरकडचा एक ऊस उत्पादक घ्या. एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, केंद्र सरकारनं ठरवावी, कारखान्यानं १४ दिवसांत पैसे द्यावेत आणि उशीर झाला तर १५ टक्के व्याज द्यावं, हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातलं कलम त्याला पाठ असतं. चाचणी त्याला डावीकडं ढकलते. तोच माणूस शक्तिपीठ महामार्गाच्या विरोधात उभा राहतो. मूळ आराखड्यात वर्ध्याच्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत १२ जिल्ह्यांतून सुमारे ८०२ किलोमीटर जाणाऱ्या रस्त्यासाठी तो जमीन देणार नाही, कारण जमीन त्याची आहे. आता चाचणी त्याला उजवीकडं आणते. शेवटी ठिपका मध्याजवळ पडतो आणि ‘तुमची मतं मवाळ आहेत’ असं वाटायला लागतं. त्या माणसाची मतं अजिबात मवाळ नाहीत. घामाचा दाम आणि बापाची जमीन, ही त्याच्या मनात एकच गोष्ट आहे. तिला त्या चौकोनात जागा नाही, एवढंच.

प्रदीप छिब्बर आणि राहुल वर्मा या अभ्यासकांनी भारतापुरत्या दोन वेगळ्या रेघा मांडल्या आहेत. समाजाच्या चालीरीतींत आणि मालमत्तेच्या वाटपात सरकारनं किती हात घालावा, ही एक. मागं राहिलेल्या गटांसाठी सरकारनं खास तरतूद करावी का, ही दुसरी. या रेघा कोल्हापूरच्या माणसाला लगेच कळतात. २६ जुलै १९०२ ला शाहू महाराजांनी संस्थानातल्या नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या आणि १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचं केलं. पहिला निर्णय दुसऱ्या रेघेवर बसतो. पोराला शाळेत पाठवलंच पाहिजे, नाहीतर पालकाला दंड, हा दुसरा निर्णय पहिल्या रेघेवर. भाचीला मी चौकोन पुसायला सांगितलं नाही, रेघा बदलायला सांगितल्या.

जर्मनीत २००२ पासून ‘वाल-ओ-मॅट’ नावाचं साधन आहे. तिथं विधानांवर पक्ष स्वतः उत्तर देतात आणि मतदार आपली उत्तरं त्यांच्याशी ताडून बघतो. ठिपक्याच्या चाचणीत पक्षाला कुणी काही विचारत नाही. विश्वासाबद्दल तर ती अवाक्षर काढत नाही.

जाहीरनामा

याच्यावर फार वेळ घालवू नका, पण वाचा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर आचारसंहितेत असं आलं की आश्वासनासाठी पैसा कुठून येणार याचा ढोबळ अंदाज पक्षानं द्यावा. तेवढंच शोधा. दरमहा १५०० रुपये देणारी लाडकी बहीण योजना जुलै २०२४ पासून सुरू झाली. ती तुम्हाला पटते की नाही, आणि पटत असेल तर कुठला खर्च कमी करून, या दोन उत्तरांतून तुमची भूमिका कळते. कागदावर मात्र बहुतेक वेळा नुसती योजना असते, खर्चाचं उत्तर नसतं.

आणि कागद टिकतोच असं नाही. २०१९ ला धनुष्यबाणावर निवडून आलेले आपल्या जिल्ह्याचे दोन्ही खासदार २०२२ मध्ये शिंदे गटाबरोबर गेले. २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली. ज्यांनी जाहीरनामा वाचून मत दिलं होतं त्यांना कुणी विचारलं नाही. ज्यांना तो निर्णय योग्य वाटला त्यांनाही नाही.

शपथपत्र

सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळं उमेदवाराला गुन्हे, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण शपथेवर सांगावं लागतं. लोकसभा-विधानसभेची शपथपत्रं निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतात. मी एक करते. त्याच उमेदवाराचं आधीच्या निवडणुकीचं शपथपत्र काढून शेजारी ठेवते. पाच वर्षांत काय वाढलं, कुणाच्या नावावर वाढलं, कुठला खटला आंदोलनाचा आणि कुठला फसवणुकीचा. रस्ता अडवल्याचा गुन्हा बघून दचकायचं कारण नाही. आपल्या जिल्ह्यात ऊसदराच्या आंदोलनात असे गुन्हे कितीतरी साध्या शेतकऱ्यांवर आहेत. खासदाराची हजेरी आणि विचारलेले प्रश्नही संसदेच्या संकेतस्थळावर सापडतात.

हे साधन विश्वासाच्या बाजूनं चांगलं, विचारांच्या बाजूनं मुकं. आणि कष्टाचं. १५ जानेवारी २०२६ ला कोल्हापूर महापालिकेसाठी मतदान झालं तेव्हा बहुतेक प्रभागांत चार-चार जागा होत्या, म्हणजे एका मतदाराला चार मतं. इतके कागद वाचणं नोकरी करणाऱ्या माणसाला जड जातं. मी प्रत्येक जागेचे जिंकू शकतील असे दोघे-तिघेच घेतले.

गट आणि तालीम

कोल्हापुरात ‘कुठल्या पक्षाचा?’ याच्या आधी ‘कुठल्या गटाचा?’ असं विचारतात. दूध संघाच्या, कारखान्याच्या निवडणुकीत पक्ष विरघळतात आणि गट उरतात. शिकलेली मुलं याला नाक मुरडतात. मला ते पटत नाही. रात्री दोनला दवाखान्यात कोण आलं, पुरात कुणाची नाव गल्लीत शिरली, कुणी नुसते फोटो काढले, हे तालमीच्या, म्हणजे पेठेतल्या मंडळाच्या, कट्ट्यावर जितकं खरं कळतं तितकं कुठल्याच कागदावर कळत नाही. हा अनुभवातून आलेला विश्वास आहे.

पण तो माणसाला चिकटलेला असतो, कारभाराला नाही. दवाखान्यात धावून आलेला माणूस नदीच्या पूरपट्ट्यात बांधकामाला परवानगी मिळवून देत असेल, तर कट्टा बहुतेक गप्प बसतो. उपकाराच्या ओझ्याखाली प्रश्न विचारणं अवघड असतं. शिवाय घरातल्या पोरीला कट्ट्यावर जागा नसते, हेही खरं आहे.

२०२४ चे आकडे गटाचं बळ आणि त्याची मर्यादा दोन्ही दाखवतात. मे-जूनमध्ये कोल्हापूर लोकसभेला काँग्रेसचे शाहू छत्रपती निवडून आले. नोव्हेंबरमध्ये विधानसभेच्या जिल्ह्यातल्या दहाही जागा महायुती आणि तिच्याजवळच्या उमेदवारांकडं गेल्या. सहा महिन्यांत इतक्या लोकांची विचारसरणी बदलली असं मी मानत नाही. त्यांच्यापुढं वेगळा प्रश्न ठेवला होता.

गल्लीतले प्रश्न

माझा कल उघड आहे, हे साधन मला सगळ्यांत जवळचं. आपल्या शहर-जिल्ह्याचे पाच-सहा जिवंत प्रश्न घ्या, प्रत्येकावर हो किंवा नाही लिहा आणि खाली एक वाक्य कारणाचं. पक्षाचं नाव कुठंच नको.

हद्दवाढ घ्या. १९७२ ला महापालिका झाली, त्यानंतर अर्धशतक उलटून गेलं तरी हद्द जागची हलली नाही. शहर म्हणतं, निधी आणि विकासासाठी शेजारची गावं हवीत. गावं म्हणतात, घरफाळा वाढेल, जमिनीवर आरक्षणं पडतील, ग्रामपंचायत जाईल. ‘गावाचा ठराव अंतिम’ असं लिहिलंत तर स्थानिक सत्तेवर तुमची श्रद्धा आहे. ‘शहराचं नियोजन एकत्रच व्हायला हवं’ असं लिहिलंत तर ती वेगळी भूमिका आहे. दोन्ही प्रामाणिक आहेत.

पूररेषा घ्या. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. निळ्या रेषेत तुमच्याच वडिलांचा प्लॉट असेल तर सरकारनं बांधकाम रोखावं का? हा प्रश्न मी तीन घरांत विचारला आणि तिन्ही घरांत उत्तर द्यायच्या आधी बराच वेळ शांतता होती. ६२ प्रश्नांपैकी एकालाही असं होत नाही.

कोल्हापूर शहरातल्या रस्त्यांवरच्या टोलविरुद्धचं आंदोलन आठवा. डाव्या चळवळीतले एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्याबरोबर एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष एका कृती समितीत रस्त्यावर होते. २०१५ च्या अखेरीस सरकारनं टोल रद्द करत असल्याचं जाहीर केलं. ते बघायला पानसरे नव्हते. त्याच वर्षी १६ फेब्रुवारीला त्यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि २० तारखेला ते गेले. त्यांचं सगळंच पटत नव्हतं अशी माणसंही त्या दिवशी रडली. हे मी पाहिलं आहे.

आणि विश्वास

लोकनीती-सीएसडीएस या संशोधन संस्थेच्या देशभरच्या पाहण्यांत लष्करावर सर्वाधिक आणि राजकीय पक्षांवर सर्वांत कमी विश्वास दिसत आला आहे. म्हणजे लोकांचा विश्वास सरसकट नसतो. तुमचाही सरसकट नसू द्या.

आमचं घर शुक्रवार पेठेत. पावसाळ्यात सकाळी उठल्या उठल्या पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारतात. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. त्या सरकारी आकड्यावर कुठल्याच पक्षाचा माणूस शंका घेत नाही, कारण कुणीही बंधाऱ्यावर जाऊन बघू शकतो. थेट पाइपलाइनचं तसं नव्हतं. काळम्मावाडी धरणाचं पाणी शहरात ‘येणार, येणार’ म्हणत तारखांवर तारखा गेल्या आणि २०२३ च्या दिवाळीत ते आलं. दोन्हीकडं सरकारच. एकीकडं पडताळा रोज समोर होता, दुसरीकडं फक्त तारीख होती.

२०२१ च्या पुरानंतर शेजारच्या काकींना मदत मिळाली नाही. कचेरीत ‘वरून यादी आलेली नाही’ एवढंच उत्तर. माहिती अधिकाराचा अर्ज केला. १० रुपये शुल्क, १५० शब्दांच्या आत, एकच विषय. ३० दिवसांत उत्तर आलं नाही. पहिलं अपील केलं, त्याला २० रुपये. मग यादीचं पान हातात आलं. काकींचं नाव होतं, बँक खात्याच्या क्रमांकात एक आकडा चुकला होता. त्या कचेरीवरचा माझा विश्वास तेव्हा वाढला नाही. कायद्यावरचा मात्र वाढला. हा फरक कुठल्याही चाचणीनं मला शिकवला नव्हता.

गावाकडं असाल तर ग्रामसभेला जा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी ती बहुधा असतेच. खर्चाचा ठराव वाचून दाखवा म्हणायचं आणि कोण अस्वस्थ होतं ते बघायचं.

ज्याच्याकडं एकच संध्याकाळ आहे त्यानं गल्लीतले प्रश्न लिहावेत आणि दोन-तीन शपथपत्रं वाचावीत. घरातून एका गटाचं दडपण असलेल्यानं आधी ठिपक्याची चाचणी द्यावी, फक्त मोकळं होण्यासाठी. ‘सगळेच चोर’ म्हणून मतदानाला न जाणाऱ्यानं आधी १० रुपयांचा अर्ज करावा, आणि सर्किट बेंचही आठवावं. वकील आणि नागरिक चार दशकं मागत राहिले आणि १८ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं कामकाज सुरू झालं.

भाचीनं वहीच्या मागच्या पानावर सहा प्रश्न लिहून घेतले. ऊस, महामार्ग, आरक्षण, लाडकी बहीण, पूररेषा यांची उत्तरं तिनं रात्रीच लिहिली. हद्दवाढीपुढची जागा मोकळी आहे. तिचं आजोळ शहराला लागून असलेल्या गावात आहे, आणि रविवारी ती आजोबांना विचारायला जाणार आहे.