चेहऱ्याचा लकवा आणि ठाण्याच्या नौपाड्यातलं हे फिजिओथेरपी सेंटर : एका सनईवाल्याचा अनुभव

मी सनई वाजवतो. राहायला कळव्याला, वय 54. वडिलांच्या हाताखाली शिकलो, आता पाच जणांचा ताफा सांभाळतो. तुळशीची लग्नं लागली की आमचा सीझन उघडतो. गेल्या सीझनच्या दुसऱ्याच आठवड्यात सकाळी चूळ भरली आणि पाणी डाव्या कोपऱ्यातून सरळ बनियनवर उतरलं. बायको म्हणाली, "अहो, इकडे बघा जरा. तोंड ओढल्यासारखं दिसतंय." आरशात पाहिलं तर तोंड उजवीकडे गेलेलं आणि डावा डोळा उघडाच. मिटायला गेलो की बुबुळ वर चढायचं, पापणी मात्र जागची हलायची नाही.

कळव्याच्या पालिका रुग्णालयात गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरांनी आधी भुवया वर करायला लावल्या. उजव्या कपाळावर आठ्या पडल्या, डावं कपाळ इस्त्री केल्यासारखं सपाट. ते म्हणाले, मेंदूच्या झटक्यात बहुधा कपाळ वाचतं, कारण कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतो. तुमचं कपाळही गेलंय आणि हातपाय, बोलणं ठीक आहे, म्हणजे बिघाड चेहऱ्याच्या नसेत आहे. याला बेल्स पाल्सी म्हणतात. स्टिरॉइडच्या गोळ्या त्याच दिवशी सुरू केल्या. या गोळ्या पहिल्या 72 तासांत सुरू झाल्या तर उपयोग जास्त होतो. हे मुद्दाम लिहितोय, कारण आमच्याकडे आधी तेल चोळतात, मग कुणीतरी कुठला पाला सांगतं, आणि त्यातच तीन दिवस निघून जातात. तोंड वाकडं दिसलं की त्याच दिवशी डॉक्टर गाठा. झटका आहे की नस आहे हे घरात बसून ठरवू नका.

रात्री डोळ्याला टेप, दिवसा थेंब, हे चालू झालं. मग घराजवळच्या एका ठिकाणी करंट घ्यायला जायला लागलो. नाव लिहीत नाही. दहा दिवस रोज गालाला जोरदार करंट, आणि घरी फुगे फुगवा, च्युइंगम चघळा, एवढाच सल्ला. कोणता स्नायू, कशासाठी, हे कोणी एका शब्दानं सांगितलं नाही. लग्नांच्या सुपाऱ्या परत करत होतो, म्हणून मीही सांगतील ते जिवाच्या आकांतानं करत होतो. शेवटी आमच्या संबळवाल्याच्या बहिणीनं या सेंटरचं नाव सुचवलं. पहिल्या दिवशी मॅडमनी पाऊण तास दिला. त्यातला अर्धा वेळ नुसतं समजावण्यात गेला, आणि हा रिव्ह्यू मी खरं तर त्या अर्ध्या वेळासाठी लिहितोय.

त्यांच्याकडे चेहऱ्याचं एक प्लास्टिकचं मॉडेल आहे, कातडी काढलेलं. कानामागच्या हाडातून नस कुठे बाहेर येते ते त्यांनी पेन्सिलीनं दाखवलं. गालगुंड होतं त्या लाळेच्या ग्रंथीतून ती जाते आणि तिथे तिच्या पाच फांद्या होतात : कपाळाकडे, डोळ्याकडे, गालाकडे, हनुवटीकडे आणि मानेकडे. कवटीच्या हाडात तिची वाट अरुंद आहे. नस सुजली की तिथेच दाबली जाते. हातापायाचे स्नायू एका हाडापासून दुसऱ्या हाडाला जोडलेले असतात, पण चेहऱ्याचे हे स्नायू कातडीतच शिरतात, म्हणून नुसत्या एका आठीवरून माणसाच्या मनातलं कळतं. चघळायचे स्नायू वेगळे. त्यांची नसच वेगळी, मेंदूतून निघणाऱ्या नसांतली पाचव्या क्रमांकाची. आपली बिघडलेली ती सातवी. म्हणजे मी दहा दिवस च्युइंगम चघळून जे स्नायू धडधाकट होते त्यांनाच राबवत होतो. हे ऐकून मला राग आला, तो अजून पुरता गेलेला नाही.

मी विचारलं, मग करंट का नाही? मॅडम म्हणाल्या, "काका, जोरदार करंटनं सगळेच स्नायू एकदम आखडतात. आपल्याला एकेकाला वेगळं हाक मारायला शिकायचंय." त्यांनी ड्युशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरचं सांगितलं. त्यानं 1862 साली पुस्तक काढलं होतं. एकेका स्नायूला करंट लावून कोणत्या स्नायूनं कोणता भाव उमटतो ते तो पाही आणि त्याचे फोटो काढी. ओठाचे कोपरे वर ओढणारा स्नायू झायगोमॅटिकस मेजर. तेवढाच ओढला तर तोंड हसतं, पण हसू खरं वाटत नाही. त्यासाठी डोळ्याभोवतीचा कडं करून असलेला स्नायूही आवळावा लागतो. माझ्या डाव्या बाजूला दोन्ही बंद होते. नात मांडीवर येऊन बसायची आणि माझ्या तोंडाकडे बघून उठून जायची, ते का, हे मला त्या दिवशी कळलं.

चौथ्या खेपेला त्यांनी वाजवतानाचा व्हिडिओ आणायला सांगितला. पुतण्याच्या मोबाईलवर एका लग्नातला होता. त्यांनी तो मध्येच थांबवला, गाल टम्म फुगलेले होते तिथे.

"इथे नाकानं श्वास घेताय ना?"

"हो."

"मग सूर कशावर चालू आहे?"

"गालातल्या हवेवर."

त्यांनी हातमोजा चढवला, बोट माझ्या डाव्या गालाच्या आतून लावलं आणि म्हणाल्या, "ती हवा ढकलतो तो हा. बक्सिनेटर. लॅटिनमध्ये याचा अर्थ तुतारी वाजवणारा. तुमच्या धंद्याचंच नाव आहे, काका." मी तो शब्द फाइलवर मराठीत लिहून घेतला. वरच्या आणि खालच्या जबड्याला दाढांपाशी हा स्नायू धरलेला असतो आणि पुढे ओठांच्या कोपऱ्यात जाऊन मिसळतो. जेवताना घास दातांखाली ढकलायचं कामही त्याचंच. म्हणून भात माझ्या डाव्या गालात साठून राहायचा आणि बोटानं काढावा लागायचा. चाळीस वर्षं ज्याच्या जिवावर पोट भरलं त्याचं नाव मला त्या खोलीत कळलं.

व्यायाम अगदी बारीक. आरशाच्या मधोमध उभी काळी पट्टी चिकटवलेली आहे, नाक त्या रेषेवर ठेवायचं. उजव्या गालावर बोट ठेवून त्याला आवरायचं, कारण चांगली बाजू सगळं आपल्याकडे ओढते. मग डावा ओठ हलवायचा, हलला नाही तरी मनानं हलवायचा. पाच वेळा, बस. जोर लावला की मॅडम हात धरायच्या. नस पुन्हा वाढताना फांद्या चुकीच्या स्नायूला जाऊन मिळू शकतात, मग ओठ हलवला की डोळा मिटतो. त्यात जोर करून चुकीची सवय पक्की करायची नाही, असं त्या सांगायच्या. मला फुंकर मारायची घाई होती. त्या रोज एकच वाक्य म्हणायच्या, "गाल फुगवू नका अजून. आधी ओठ नुसते मिटा." ओठ न मिटता गाल फुगवला तर हवा डावीकडून निसटते आणि माणूस उजवी बाजू आणखी ताणतो. तालमीतही असंच असतं, हे मला पटलं. पोराचा सा नीट लागल्याशिवाय मीही त्याला पुढे जाऊ देत नाही.

सहाव्या आठवड्यात डाव्या नाकपुडीची कड थरथरली. दहाव्या आठवड्यात डोळा पूर्ण मिटायला लागला. त्या रात्री टेप न लावता झोपलो.

आणखी एक गोष्ट, वादकांसाठी. त्या दिवसांत डाव्या कानात सगळे आवाज टोचायचे. कुकरची शिट्टी, स्टेशनवरची अनाउन्समेंट, आणि संबळ तर अजिबात सहन होईना. मला वाटलं कानही गेला. मॅडमनी सांगितलं की कानाच्या आत स्टेपीडियस म्हणून एक स्नायू असतो, शरीरातल्या हाडांना जोडलेल्या स्नायूंमध्ये सगळ्यांत छोटा. मोठा आवाज आला की तो कानातलं हाड आवरून धरतो. त्याला हीच सातवी नस जाते. ती बरी होईल तसा कानही शांत होईल, म्हणाल्या, आणि झाला. हे माहीत नसतं तर मी ताफा मोडला असता. त्या दोन महिन्यांत मनात तेच चाललं होतं.

आता उणिवा. सेंटर पहिल्या मजल्यावर, जुनी इमारत, लिफ्ट नाही. गुडघेदुखीचे पेशंट कठडा धरून चढताना पाहिलेत. त्यांच्यासाठी खाली निदान एक खुर्ची ठेवा. दोन टेबलांमध्ये पातळ पडदा आहे. तोंड वाकडं करून व्यायाम करताना पलीकडून लोक बघतात. माझ्यासारख्याला चालतं, पण एक कॉलेजातली मुलगी दोनदा रडत परत गेली, ते मी पाहिलंय. चेहऱ्याच्या पेशंटसाठी दार लागेल अशी जागा हवीच. संध्याकाळी आरशावर ट्यूबलाइटचा उजेड एकाच बाजूनं पडतो, त्यामुळे दुसरी बाजू नीट दिसत नाही. सकाळची वेळ घ्या. रविवारी बंद असतं. पहिल्या खेपेचे 500, नंतर दर खेपेला 350. माझ्या 23 खेपा झाल्या, एकूण 8,200 रुपये. पैसे वसूल झाले. जास्तीच्या खेपा त्यांनी कधी गळ्यात मारल्या नाहीत, उलट तिसऱ्या महिन्यापासून आठवड्याला एकच ठेवली. स्टेशनवरून चालत बारा मिनिटं. गोखले रोडवर रिक्षा अडकते, चालतच जा.

पाचपैकी साडेचार. अर्धा पडद्यासाठी कापला.

पाडव्याच्या शोभायात्रेला ताफा गेला, पण मॅडमनी परवानगी दिली नव्हती म्हणून मी सनई न घेता कौपिनेश्वर मंदिरापासून बरोबर चाललो. पुतण्यानं वाजवली. अक्षय तृतीयेच्या आदल्या संध्याकाळी एका सीमांतपूजनाला मी यमन वाजवला, बारा मिनिटं. निषादावर डाव्या कोपऱ्यातून थोडी हवा सुटली, बाकी सूर धरून होता. सनईची पत्ती ओठात घेताना डावा डोळा अजून जरा बारीक होतो. त्यासाठी नवा व्यायाम दिलाय : ओठ हळूच आवळायचे आणि त्याच वेळी डोळा मोठा ठेवायचा, आरशासमोर, दहा वेळा. पुढची वेळ शनिवारी अकराची आहे. या खेपेला सनई घेऊन बोलावलंय.