गच्चीवरच्या बागेला ठिबक आणि टायमर: उन्हाळा, पावसाळा आणि ऑक्टोबर हीटनंतर

पुण्यात आमच्या गच्चीवर कुंड्या, ग्रो बॅग आणि ड्रममधलं एक लिंबू आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये ठिबकचा संच आणि बॅटरीवरचा टायमर बसवला. आता सगळे ऋतू पाहून झालेत.

घेण्याआधी टायमरमधला व्हॉल्व्ह बघा. टाकी कुंड्यांपेक्षा तीन मीटर उंच असली तरी पाण्याचा दाब जेमतेम 0.3 बार भरतो. सोलेनॉइड व्हॉल्व्हचे (विजेच्या चुंबकाने उघडणारे) बरेच टायमर एवढ्या दाबावर नीट उघडत नाहीत, बॉल व्हॉल्व्हचे (भोक असलेली गोळी फिरवून उघडणारे) चालतात. दुकानात हे आपणहून कुणी सांगत नाही. ड्रिपरही (नळीवरची थेंब थेंब पाणी सोडणारी तोंडं) हाताने उघडून साफ करता येतील असेच घ्या.

उन्हाळ्यात आमच्याकडे बोअरचं पाणी येतं. ड्रिपर उघडला की भोकाच्या कडेला पांढरा क्षार चिकटलेला दिसतो. फिल्टर कचरा अडवतो, विरघळलेला क्षार अडवत नाही. रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवले की ड्रिपर मोकळे होतात.

पण माझं ठाम मत असं की आच्छादन नसेल तर ठिबकाचा निम्मा फायदा उन्हात उडून जातो. उघड्या मातीतली मिरची एप्रिलमध्ये दुपारी मान टाकायची. शेजारच्या बॅगेत तीन-चार इंच वाळका पाला होता, तिथली मिरची ताठ. पाला बाजूला सारून बोट घातलं तर माती गार आणि ओलसर लागली. नळी पाल्याखाली घाला, ड्रिपर मात्र वर ठेवा. थेंब पडताना दिसला पाहिजे.

पाणी जूनपर्यंत द्यायचं आणि मग बंद करायचं, हा हिशेब आता चालत नाही. 2025 मध्ये मॉन्सून मुंबईत 26 मेलाच पोचला, नेहमीपेक्षा 16 दिवस आधी. आमच्याकडेही मे महिन्यातच धो धो कोसळला. टायमरवरचं पाऊस-विरामाचं बटण तेव्हा फार उपयोगी पडलं. पावसाने उघडीप दिली की मातीत बोट घालून वाफसा, म्हणजे चिखल नाही पण ओल आहे का, ते बघते, गरज असेल तरच टायमर पुन्हा चालू करते.

पैसे वसूल झाले का? हो, नक्कीच. गावाला जाताना कुणाच्या हाती किल्ली द्यावी लागत नाही, फक्त निघण्याआधी बॅटऱ्या बदलायच्या. लिंबाच्या ड्रमला एक ड्रिपर पुरत नाही, एकाच बाजूची माती भिजते. समोरच्या बाजूला दुसरा लावणार आहे.