सँडी बेल्स, एडिनबरा : आठ महिने जाऊन-येऊन

ऑक्टोबरपासून आठवड्यातून एकदा तरी फॉरेस्ट रोडवरच्या या जुन्या पबमध्ये जातेय. एकटी बसते, कधी अवघडल्यासारखं झालं नाही.

इथे रोज संध्याकाळी लोकसंगीताचं सेशन असतं. तिकीट नाही, मंच नाही. वाजवणारे टेबलाभोवती बसतात, कुणी फिडल, म्हणजे व्हायोलिन, काढतं, कुणी बासरी, आणि सुरू होतं. मी आईबरोबर भजनी मंडळात पेटी वाजवत वाढले. त्यामुळे चाल येते त्याने सामील व्हायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, ही रीत मला पहिल्याच दिवशी कळली. धुना मात्र दोन महिने सगळ्या सारख्याच वाटायच्या. मग मांडीवर मात्रा मोजू लागले. धुनांचे दोन प्रकार ओळखू आले. जिग सहाचा, तीन-तीन, आपल्या दादऱ्यासारखा. रील चारच्या लयीत. एक धून दोन-तीनदा वाजवून, न थांबता, सगळे एकदम दुसरीत शिरतात. त्या सांध्याला अजूनही अंगावर काटा येतो. मी जाते ती खरं तर त्यासाठीच.

आत हेमिश हेंडरसन यांचा अर्धपुतळा आहे. 1951 साली एडिनबरा विद्यापीठात सुरू झालेल्या स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीजमधले हे कवी. भटक्या लोकांकडून, शेतमजुरांकडून गाणी ध्वनिमुद्रित करून आणायचे, आणि त्यांची बैठक असायची इथे. मला आपल्याकडे जात्यावरच्या ओव्या गोळा करणारे आठवले.

एल, म्हणजे इथली पिंपातली पारंपरिक बिअर, पहिल्यांदा प्याले तेव्हा कोमट वाटली. थंडगार लागर बिअरची सवय ना! पण ही पिंपातच दुसऱ्यांदा आंबते, यीस्ट जिवंत असतं, वरून गॅस भरत नाहीत, हातपंपाने ओढून देतात. 11 ते 13 अंशांलाच तिची चव खुलते. बर्फासारखी केली तर माल्टची, म्हणजे मोड आणलेल्या धान्याची, चव लागतच नाही. उघडलेलं पिंप तीनेक दिवसांत संपवावं लागतं, नाहीतर आंबट होते. दुसऱ्या एका पबमध्ये मला तसा ग्लास मिळाला होता. सांगितल्यावर लगेच बदलून दिला. तेव्हा संकोचू नका. आणि आधी हाफ पाइंटच घ्या, 284 मिली पुरे होते.

वाजवणाऱ्यांच्या टेबलाजवळची रिकामी खुर्ची त्यांच्यापैकीच कुणाची तरी समजा. ऑगस्टमध्ये फ्रिंज या कला महोत्सवामुळे शहरभर गर्दी असते. डिसेंबरात जा, पावणेचारच्या सुमारासच सूर्य मावळतो तेव्हा.