अ‍ॅप्ट, डीएनएफ की पॅकमन? पुण्यात लिनक्स टाकायला निघालेल्यांसाठी

जून-जुलैत कॉलेजांचे प्रवेश सुरू झाले की पुण्यात एक प्रश्न हमखास कानावर येतो: लॅपटॉपवर लिनक्स टाकायचंय, कोणतं टाकू? सांगणारे मग डेस्कटॉप कसा दिसतो यावर तासभर बोलतात. डेस्कटॉप नंतर कधीही बदलता येतो. पॅकेज मॅनेजर, म्हणजे सॉफ्टवेअर टाकणारा-काढणारा प्रोग्राम, बदलायचा म्हणजे बहुतेक वेळा सगळी सिस्टिमच नव्याने टाकावी लागते. म्हणून आधी बघायचं ते त्याच्याकडे, आणि खरं तर त्याच्यामागच्या रेपोकडे, म्हणजे तो जिथून सॉफ्टवेअर आणतो त्या कोठाराकडे. कारण तुमच्या मशीनवर कोणती गोष्ट कधी बदलणार, हे तो रेपो चालवणारे ठरवतात.

डेबियन, उबुंटू, फेडोरा, आर्च हे लिनक्सचे वेगवेगळे अवतार. कमांडच्या पातळीवर त्यांच्या अ‍ॅप्ट, डीएनएफ आणि पॅकमन या तीन पॅकेज मॅनेजरांत फार फरक नाही. डेबियन-उबुंटूवरचं डीपीकेजी आणि फेडोरावरचं आरपीएम हे खालचे थर. एखादी लायब्ररी (इतर प्रोग्रामांना लागणारा तयार कोड) कमी आहे एवढं ते सांगतात, ती आणून देत नाहीत. डिपेंडन्सी, म्हणजे एका पॅकेजला लागणारी बाकीची पॅकेजं, शोधून, ओळीने लावून, उतरवून घेण्याचं काम वरचे अ‍ॅप्ट आणि डीएनएफ करतात. आर्चवर दोन्ही कामं पॅकमन एकटाच करतो, आणि झपाट्याने करतो. पण वेगावरून निवड करू नका. अपडेट कोणी रोज शंभरदा करत नाही.

खरा फरक चालीत आहे. डेबियनची नवी आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते. १३ वी ऑगस्ट २०२५ मध्ये आली. एकदा आली की त्यातल्या बहुतेक पॅकेजांच्या आवृत्त्या तिथेच थांबतात, पुढे सुरक्षेच्या आणि गंभीर चुकांच्या दुरुस्त्याच येतात. उबुंटूची एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ सांभाळली जाणारी आवृत्ती, दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये निघते आणि तिला पाच वर्षं सुरक्षा अपडेट मिळतात. यात एक मेख आहे: ही हमी मुख्य रेपोपुरती. ‘युनिव्हर्स’ या दुसऱ्या रेपोतल्या हजारो पॅकेजांना तशी हमी हवी असेल तर उबुंटू प्रो ही वेगळी सेवा जोडावी लागते. घरगुती वापराला पाच मशीनपर्यंत ती फुकट आहे, तरी बऱ्याच जणांना तिचा पत्ताच नसतो. फेडोरा दर सहा महिन्यांनी नवी येते आणि एक आवृत्ती जेमतेम तेरा महिने सांभाळली जाते. म्हणजे वर्षातून एकदा तरी मोठं अपग्रेड आलंच. आर्चला आवृत्तीच नाही. जे आज तयार झालं ते लवकरच तुमच्याकडे.

ताजेपणाची किंमत काय असते ते मार्च २०२४ मध्ये दिसलं. एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या लायब्ररीत, ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत, मुद्दाम मागचं दार, म्हणजे गुपचूप आत शिरण्याची वाट, बसवलेलं निघालं. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरना एसएसएच, म्हणजे दुसऱ्या मशीनवर दुरून केलेलं, लॉगिन किंचित मंद वाटलं आणि त्यावरून ते उघडकीला आलं. तोवर ती आवृत्ती डेबियनच्या चाचणी शाखांत, फेडोराच्या विकासशाखेत आणि आर्चच्या रेपोत पोहोचली होती. आर्चवर एसएसएच त्या लायब्ररीला जोडलेलं नसल्याने तो मार्ग तिथे चालला नसता. डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत तर ते गेलंच नाही. डेबियनला ‘जुनाट’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

बिघडल्यावर काय, हा दुसरा प्रश्न, आणि इथे मला डीएनएफ सर्वांत आवडतो. प्रत्येक व्यवहाराला तो क्रमांक देतो, आणि ‘हिस्टरी अनडू’ म्हटलं की तो उलटा फिरवायचा प्रयत्न करतो. जुनी पॅकेजं रेपोत उरलेली नसली तर अडतं, पण निदान सोय आहे. अ‍ॅप्ट आपली नोंदवही नीट ठेवतो. परतीचं काम मात्र, निदान डेबियन १३ वर तरी, बरंचसं हातानेच करावं लागतं. पॅकमनकडे उतरवलेल्या जुन्या फायली कॅशेत (साठवणीच्या फोल्डरात) राहतात, त्यातून मागे जाता येतं. तिथला नियम एकच आणि कडक: अर्धवट अपग्रेड नाही. यादी ताजी करून एकच पॅकेज टाकलं आणि बाकी सिस्टिम जुनीच ठेवली, की लायब्ररींचे सांधे निखळतात. त्यावर आर्चवाले मदतही करत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

नेटवरची कमांड डोळे मिटून चिकटवणाऱ्यांसाठी एक गोष्ट. आपला देवनागरी लोहित फॉन्ट घ्या, जो रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या पुण्यातल्या मंडळींनी वर्षानुवर्षं सांभाळला. फेडोरावर त्याचं पॅकेज ‘लोहित-देवनागरी-फॉन्ट्स’ आणि डेबियनवर ‘फॉन्ट्स-लोहित-देवा’. वस्तू तीच, नाव वेगळं. आधी शोधा, मग टाका.

विद्यार्थ्यांची सिस्टिम मोडते ती मात्र बहुधा यांपैकी कशानेच नाही, तर पायथनच्या पिपने, म्हणजे पायथनच्या स्वतःच्या पॅकेज मॅनेजरने. डेबियन १२ पासून आणि उबुंटू २३.०४ पासून पिपला सिस्टिमच्या पायथनमध्ये हात घालू दिला जात नाही, आर्चवरही तसंच. तो एरर आला की त्यातच सुचवलेला ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’ हा पर्याय वापरून लोक मोकळे होतात. नावात सगळं लिहिलंय, तरी! प्रोजेक्टसाठी व्हीएन्व्ह, म्हणजे पायथनची वेगळी बंदिस्त जागा, करा, विषय संपला.

स्नॅप आणि फ्लॅटपॅक हे अ‍ॅप टाकायचे आणखी दोन मार्ग. त्यांत प्रत्येक अ‍ॅप आपला डबा घरून घेऊन येतं, त्यामुळे डिपेंडन्सीची भांडणं मिटतात. पहिलंच फ्लॅटपॅक टाकताना सोबत काहीशे एमबीचा रनटाइम (अ‍ॅप चालायला लागणारा सामायिक संच) उतरतो. कर्वेनगरच्या पीजीत मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बसला असाल तर हे आधी माहीत असलेलं बरं. दोघांत मी फ्लॅटपॅक घेईन. स्नॅपचं दुकान फक्त उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीच्या हातात आहे, त्याची सर्व्हरची बाजू खुली नाही. शिवाय उबुंटू २२.०४ पासून अ‍ॅप्टने फायरफॉक्स मागितला तरी हातात स्नॅपच पडतो. हे मला पटत नाही. उबुंटूवरच बेतलेल्या लिनक्स मिंटने २० व्या आवृत्तीपासून स्नॅपला दारातच अडवलं आहे.

आता निवड. सदाशिव पेठेतल्या छोट्या ऑफिसात बिलं आणि पत्रं टाइप होणार असतील तर डेबियन किंवा मिंट, वर आपोआप सुरक्षा अपडेट चालू, आणि नवं हवं ते एखादं अ‍ॅप फ्लॅटपॅकने. घरच्या लॅपटॉपलाही बहुतेकांना मी हेच सांगेन. त्यात पीपीए, म्हणजे बाहेरच्यांचे छोटे रेपो, भारंभार जोडू नका. पुढच्या अपग्रेडला गुंता तिथेच होतो.

मगरपट्टा किंवा हिंजवडीत सर्व्हर सांभाळण्याची नोकरी डोळ्यासमोर असेल तर फेडोरा. तिथे हाताला लागलेला डीएनएफ रेड हॅट, अल्मा आणि रॉकी या सर्व्हरवरच्या लिनक्सवर जवळजवळ तसाच चालतो. रेड हॅटचं डेव्हलपर सबस्क्रिप्शन एका व्यक्तीला १६ सिस्टिमपर्यंत फुकट मिळतं, तेही घेऊन ठेवा. आर्च मात्र अपडेटआधी बातम्या वाचणाऱ्यांनीच घ्यावं. सबमिशनच्या आदल्या रात्री अपडेट करणाऱ्यांनी तिकडे फिरकू नये.

तरीही ठरत नसेल तर डेबियन टाका आणि त्यावर डिस्ट्रोबॉक्स. हे साधन एका लिनक्सच्या आत दुसरं चालवतं. त्याच्या कंटेनरात, म्हणजे वेगळ्या कप्प्यांत, फेडोरा आणि आर्च दोन्ही उभे करून डीएनएफ, पॅकमन हवे तितके चालवता येतात. कर्नल (सिस्टिमचा गाभा) आणि ड्रायव्हर तेवढे डेबियनचेच राहतील, पण होम फोल्डर मूळ सिस्टिमचंच वापरलं जातं, तेव्हा तिथे काही पुसताना जपून.