छोट्या कामाचे कोटेशन: उक्ते, तासावर, एकत्र की मासिक?

अर्ध्या तासाच्या कामासाठी अडीच तासांचे पैसे का मागितले जातात, हा प्रश्न फ्रीलान्सरचे कोटेशन पाहिल्यावर ग्राहकाला हमखास पडतो. कोटेशन कधी फुगवलेलेही असते, नाही असे नाही. पण बहुतेक वेळा फरक पडतो तो कामाच्या आगेमागे जाणाऱ्या वेळामुळे, आणि काम लहान आहे म्हणून हा वेळ लहान होत नाही.

संकेतस्थळावरचा चौकशीचा फॉर्म भरूनही मेल येत नाही, ही नेहमीची तक्रार घेऊ. फॉर्म प्रेषक म्हणून भरणाऱ्याचाच पत्ता लावत असेल, तर प्रेषक खरा आहे का, या पडताळणीत असा मेल अडू शकतो. जीमेल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून प्रेषकांसाठीचे नियम आणखी कडक केले आहेत. दुरुस्ती एका ओळीची असू शकते. मात्र त्या ओळीपर्यंत पोचण्यासाठी आधीच्या डेव्हलपरकडे अडकलेला होस्टिंगचा (संकेतस्थळ ज्या सर्व्हरवर ठेवलेले असते त्या जागेचा) पासवर्ड मिळवणे, बॅकअप घेणे, दुसऱ्याने लिहिलेला कोड समजून घेणे आणि डीएनएसमधील, म्हणजे संकेतस्थळाचे नाव आणि मेल कोणत्या सर्व्हरशी जोडले आहेत हे सांगणाऱ्या यादीतील, नोंद बदलावी लागलीच तर ती लागू होईपर्यंत थांबून पुन्हा चाचणी करणे, हे सगळे आलेच. शिवाय बिल पाठवणे, पैशांची आठवण करणे आणि काही आठवड्यांनी येणारा ‘जरा परत बघता का’ हा फोन. समजा, हे सारे दोन तासांत आटोपले, तर अर्ध्या तासाच्या कामावर तो चौपट बोजा होतो. वीस तासांच्या कामावर तेच दोन तास अवघे दहा टक्के भरतात.

उक्त्या दरात रक्कम आधी कळते, पण काम वाढण्याची जोखीम फ्रीलान्सरवर असल्याने तो तिची तरतूद रकमेतच करतो. म्हणून काम नेमके सांगता येत असेल, तरच हा पर्याय घ्यावा. बिघाडाचे कारणच माहीत नसेल, तर तासाचा दर अधिक रास्त ठरतो. काम कितीही लहान असले तरी लागणारी किमान रक्कम मान्य करावी, कमाल मर्यादा लेखी ठरवावी आणि कारण शोधण्याचा टप्पा वेगळा ठेवावा, म्हणजे पुढची दुरुस्ती करायची की नाही हे ठरवता येते.

तातडी नसेल, तर माझ्या मते कामे साठवून एकत्र देणे सर्वांत किफायतशीर, कारण पूर्वतयारी एकदाच होते. अर्थात कामे एकाच जातीची हवीत; लोगोतील बदल आणि सर्व्हरची दुरुस्ती एका यादीत घातल्याने काहीही वाचत नाही.

दर महिन्याला कामे निघतातच, अशा ग्राहकाने मासिक करार करावा, म्हणजे ठरलेल्या रकमेत महिन्याचे काही तास राखून ठेवावेत. माणूस माहितगार राहतो, पासवर्ड हाताशी असतात, तातडीच्या वेळी शोधाशोध होत नाही. न वापरलेले तास पुढच्या महिन्यात धरले जाणार की बुडणार, हे मात्र सही करण्यापूर्वी विचारावे. वर्षातून दोन-तीनदाच गरज पडत असेल, तर हा करार महागच पडतो.

पर्याय कोणताही असो, कोटेशन मागतानाच जी चूक दिसते तिचा स्क्रीनशॉट, ती कधीपासून दिसते आणि होस्टिंगचा ताबा कोणाकडे आहे हे कळवावे, आणि बदलांना मंजुरी देणारी व्यक्ती एकच असावी. तिघांचे तीन अभिप्राय आले की ते जुळवण्याचा वेळही बिलात येतो.