पोलर एच१० छातीपट्टा : तरुण धावपटूंसाठी कितपत उपयोगी?

मध्यम पल्ल्याच्या धावपटू मुलामुलींना प्रशिक्षण देताना मी पोलर कंपनीचा एच१० हा हृदयाचे ठोके मोजणारा, छातीवर बांधायचा पट्टा नियमित वापरतो आणि ठोक्यांच्या नोंदीबाबत तो मला पूर्ण भरवशाचा वाटतो. मनगटी घड्याळ त्वचेवर प्रकाश टाकून रक्तप्रवाहावरून ठोके मोजते, त्यामुळे वेगात धावताना हात जोरात हलू लागले की त्याचे आकडे भरकटतात. पट्टा मात्र हृदयाचे विद्युत संकेतच टिपतो आणि दोन ठोक्यांमधले अंतर मिलिसेकंदांत देतो. बांधण्यापूर्वी इलेक्ट्रोड (पट्ट्याचे त्वचेला टेकणारे, संकेत टिपणारे भाग) ओले करायला विसरू नये. बॅटरी घरीच बदलता येते.

त्याचा खरा उपयोग शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी होतो. निरोगी हृदयाचे ठोकेही अगदी समान अंतराने पडत नाहीत. श्वास घेताना ते किंचित जलद आणि सोडताना संथ होतात, आणि तरुण वयात हा फरक विशेष ठळक असतो. चुरशीची शर्यत, अपुरी झोप किंवा अंगात मुरत असलेला ताप यांमुळे हृदयाची गती संथ ठेवणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा प्रभाव ओसरतो, विश्रांतीतली नाडी वाढते आणि हा फरक घटतो. ‘सर, मी एकदम फ्रेश आहे,’ असे सांगणाऱ्या एका मुलीची या फरकाची सकाळची नोंद तिच्या नेहमीच्या पातळीपेक्षा बरीच खाली दिसली, तेव्हा मी वेगाचा सराव रद्द करून तिला हलके जॉगिंग दिले. संध्याकाळी तिला ताप भरला.

पट्ट्यासोबत वापरली जाणारी काही अ‍ॅप एवढ्या गुंतागुंतीचा एकच हिरवा-लाल गुण करून दाखवतात, ते मला पटत नाही. एका सकाळच्या आकड्यावरून काहीच ठरवू नये. त्याच खेळाडूच्या मागील काही आठवड्यांशी तो ताडून पाहावा. दोन मुलांची तुलना तर निरर्थकच, कारण कसलेल्या धावपटूची विश्रांतीतली नाडी ५० च्या खाली असणे बहुधा स्वाभाविकच असते.

हा पट्टा बारा लीडच्या ईसीजीची, म्हणजे दवाखान्यात हृदयाचे विद्युत संकेत बारा बाजूंनी नोंदवणाऱ्या तपासणीची, जागा घेऊ शकत नाही. धावताना शुद्ध हरपणे, छातीत दुखणे किंवा कुटुंबात कोणाचा तरुण वयात अकस्मात मृत्यू झालेला असणे, यांपैकी काहीही आढळल्यास पट्ट्यावरचे आकडे कितीही चांगले असले तरी सराव थांबवून हृदयरोगतज्ज्ञांकडे जावे. १२ जून २०२१ रोजी युरो स्पर्धेच्या सामन्यात कोसळलेला डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिश्चन एरिक्सन मैदानावरच मिळालेल्या सीपीआर (छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवणे) आणि डिफिब्रिलेटर (विजेचा झटका देऊन हृदयाची लय पूर्ववत करणारे यंत्र) यांमुळे वाचला. म्हणून पट्टे घेऊ पाहणाऱ्या क्लबने आधी डिफिब्रिलेटर घ्यावा आणि तो वापरता येणारी माणसे मैदानावर ठेवावीत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.