ई-टाइप लिलावाला काढताय? हेरिटेज प्रमाणपत्र किती कामाचं

जॅग्वार ई-टाइप या जुन्या स्पोर्ट्स कारच्या लिलावात इंजिन मूळचं आहे की नाही, यावर भाव बराच खालीवर होतो. म्हणून जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टचं प्रमाणपत्र आधी मागवाच. कारखान्याच्या जुन्या नोंदींतून चॅसी, इंजिन, गिअरबॉक्स आणि बॉडीचे नंबर, मूळ रंग, तयार झाल्याची तारीख असं सगळं एका कागदावर येतं. पैसे वसूल.

मात्र हा कागद नोंदींवरून निघतो, गाडी बघून नव्हे. समोरचं इंजिन तेच का, हे आपणच तपासायचं.

इंजिनचा नंबर दोन जागी असतो: ब्लॉकच्या (इंजिनच्या मुख्य ओतीव भागाच्या) उजव्या बाजूला ऑइल फिल्टरच्या वर आणि सिलिंडर हेडच्या (ब्लॉकवर बसणाऱ्या वरच्या भागाच्या) पुढच्या टोकाला. ग्रीस सॉल्व्हंट आणि मऊ कापडानेच काढा. वायर ब्रश मारलात तर पुरावाच घासून जाईल. मग टॉर्च अगदी तिरका धरा. अंकांखाली ग्राइंडरचे ओरखडे किंवा खोलगट झालेली जागा दिसली, तर नंबर पुन्हा ठोकलाय असं धरून चाला. ब्लॉकचा जुळतो आणि फक्त हेडचा वेगळा, तर बहुधा हेड बदललंय; त्यात लबाडी असेलच असं नाही, पण कॅटलॉगमध्ये ते लिहायलाच हवं.

3.8 लिटर इंजिनाचा नंबर ‘आर’ने सुरू होतो, पहिल्या सिरीजच्या 4.2 लिटरचा ‘7ई’ने. ‘7डी’ दिसलं तर ते जॅग्वारच्याच मार्क टेन सलूनचं इंजिन, विक्रेता काहीही सांगो. नंबराच्या शेवटचा -8 किंवा -9 हा कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते. तोही प्रमाणपत्राशी ताडून बघा.